खटका सारखा पडतोय म्हणून ‘डायरेक्ट’ करू नका

(सामुदायिक रेडिओवर झालेले भाषण)

पौडहून तुमच्या बचत गटांची समन्वयक बोलतेय. करवंदं-जांभळांचा हंगाम तोंडावर आलाय. आपल्या मुळशीतल्या काही गटांनी यंदा सरबत आणि सिरप करायचं ठरवलंय, आणि विजेवर तापणारी स्टीलची टाकी घ्यायची चर्चा बैठकीत निघतेय. नवी टाकी महाग पडते, म्हणून जुनी बघू, असं ठरतं. जुनी टाकी घ्यायला गेलो की आपण ती ठोकून बघतो, घासून बघतो, गळते का म्हणून पाणी भरून बघतो. पण तिच्याबरोबर येणारी विजेची पेटी, जिला पॅनेल म्हणतात, ती कुणी उघडूनसुद्धा बघत नाही. आज मी त्या पेटीबद्दल बोलणार आहे.

आपल्या मुळशी धरणाचं पाणी खाली भिऱ्याला उतरतं आणि त्यावर वीज तयार होते. त्या धरणात जमिनी जाऊ नयेत म्हणून १९२१ ते १९२४ या काळात इथल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला. म्हणजे वीज या तालुक्याला नवी नाही. पण घरातल्या बाईला विजेबद्दल काय शिकवलं? तर ‘मीटरजवळ जाऊ नको’ एवढंच. आता आपण स्वतः मशीन घेतोय, गटाचं कर्ज काढून घेतोय, ओल्या हातांनी त्यावर काम करणार आहोत. मग एवढ्यावर भागणार नाही.

आमच्या एका गटाने अशीच पन्नास लिटरची जुनी टाकी घेतली. आत ३ किलोवॅटचा हीटर, बाजूला भिंतीवर टांगायची पेटी. ही पेटी कुठल्या कारखान्यातली नव्हती, कुणीतरी हौसेने घरी जोडलेली होती. अशा पेट्या येतात कुठून? परदेशात घरच्या घरी बिअर करायचा छंद असणारे लोक आहेत. अमेरिकेत १९७८ साली कायद्याने त्याला मोकळीक मिळाली. ते लोक टाकीला हीटर लावतात आणि तापमान धरून ठेवणारी पेटी स्वतः जोडतात. त्यांचे नकाशे बघून आपल्याकडेही कुणी कुणी अशा पेट्या करतात. आपल्याला बिअर करायची नाही, आणि परवान्याशिवाय तो उद्योग आपल्या राज्यात कायद्यात बसतही नाही. पण पाणी किंवा रस ठरावीक तापमानाला धरून ठेवायचा, हे काम दोन्हीकडे एकच. म्हणून ही पेटी आपल्या उपयोगाची आहे.

आधी पेटीच्या आत काय असतं ते समजून घेऊ. एमसीबी म्हणजे साधा खटका. वायरमधून जास्त करंट गेला किंवा शॉर्ट झालं की तो पडतो. तो वायरीला वाचवतो, बाईला वाचवत नाही. बाईला वाचवणारा खटका वेगळा, त्याला आरसीसीबी म्हणतात. जेवढा करंट फेजमधून गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, हे तो बघत असतो. थोडा जरी करंट टाकीच्या अंगातून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत गेला, तर तो पडतो. त्यावर ३० मिलिअँपिअर लिहिलेलं असायला हवं. त्यानंतर कॉन्टॅक्टर, म्हणजे ‘खट्’ असा आवाज करून हीटरची लाईन जोडणारा मोठा स्विच. मग आकडे दाखवणारा टेंपरेचर कंट्रोलर. त्याच्या हुकमावर हीटर क्षणात चालू, क्षणात बंद करणारा एसएसआर, हा काडेपेटीपेक्षा थोडा मोठा असतो आणि मागे अॅल्युमिनियमची पट्टी असते. टाकीत बुडवलेली सेन्सरची नळी. आणि शेवटी हीटर.

आता काम वाटून घेऊ. पेटीचं झाकण उघडून आत हात घालायचा तो परवानाधारक वायरमनने. तोसुद्धा मेन बंद करून आणि प्लग काढून. आपलं काम बघायचं, विचारायचं, लिहून ठेवायचं. हे काम कमी नाही. वायरमनदादाला ‘मशीन बिघडलंय’ एवढंच सांगितलं तर तो अंदाजाने वस्तू बदलत बसतो. ‘पाणी भरून दहा मिनिटांनी आरसीसीबी पडतो, हीटरची वायर काढली की पडत नाही’ असं सांगितलं तर तो नेमक्या जागी हात घालतो.

पहिली तक्रार झिणझिण्यांची. टाकीला हात लावला की मुंग्या येतात. आमच्या गटातल्या एक मावशी म्हणाल्या, “येतात थोड्या, पण काम चालतंय ना! रबरी चप्पल घातली की नाही येत.” मैत्रिणींनो, झिणझिण्या म्हणजे टाकीत करंट उतरलाय. आज चप्पल कोरडी आहे म्हणून नुसत्या मुंग्या. उद्या फरशीवर रस सांडला, चप्पल ओली झाली, की तोच करंट छातीतून जाईल. झिणझिणी आली की काम तिथेच थांबवायचं. टाकीला पुन्हा हात लावायचा नाही. मेन बंद करायचं, प्लग काढायचा, वायरमनला बोलवायचं.

याचं कारण बहुतेक वेळा अर्थिंगमध्ये सापडतं. तीन पिनांच्या प्लगमधली वरची जाड पिन अर्थिंगची. तिथून हिरवी वायर पेटीच्या पत्र्याला, पेटीच्या झाकणाला आणि टाकीच्या अंगाला, तिन्ही ठिकाणी जायला हवी. घरी जोडलेल्या पेटीत झाकणाची आणि टाकीची वायर कित्येकदा नसतेच. आणि पेटीतली वायर बरोबर असली तरी घराची अर्थिंग जिवंत आहे का? अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, आणि आपला करवंदांचा हंगाम नेमका मे महिन्यात. खड्ड्यात पाणी घालायची सवय ठेवा आणि हंगामाआधी अर्थिंग मोजून घ्या. वायरमनला विचारायचं: फेज ते न्यूट्रल किती व्होल्ट, फेज ते अर्थ किती? दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. मग अर्थ टेस्टर लावून खड्ड्याचीही तपासणी करून मागायची.

एक जुगाड कधीच करू देऊ नका. अर्थिंग नाही म्हणून काही जण बोर्डातच न्यूट्रलची वायर अर्थच्या पिनेला जोडून देतात. तेवढ्यापुरत्या झिणझिण्या थांबतात. पण ज्या दिवशी खांबावरचा किंवा मीटरजवळचा न्यूट्रल तुटेल, त्या दिवशी सगळी टाकी फेज होईल. मग मुंग्या येणार नाहीत, बाई चिकटेल.

दुसरी तक्रार सारखा पडणाऱ्या खटक्याची. आणि इथेच ते वाक्य येतं, “सारखा पडतोय, डायरेक्ट करून द्या.” आमच्या टाकीच्या पेटीत आरसीसीबी नव्हताच, तो आम्ही नवीन बसवून घेतला. साधारण दोन हजारांच्या घरात खर्च आला. बसवल्याबरोबर तो पडायला लागला. पाहायला आलेले एक जण म्हणाले, “हा खटकाच खराब आहे, काढून टाका, याआधी चालत होतंच की.” गटातल्या एका ताईने ठाम सांगितलं, “तो का पडतो ते आधी सांगा, मग काढा.” त्या प्रश्नाने त्या दिवशी मशीन वाचलं, आणि कदाचित माणूसही.

मग रीतसर तपासणी झाली. आधी हीटरची वायर सोडवून खटका वर केला. तरी पडला. म्हणजे एक दोष पेटीच्या आत. उघडून पाहिलं तर जोडणाऱ्याने पेटीतच न्यूट्रल आणि अर्थ एका पट्टीवर बांधले होते. असं केलं की परतीचा थोडा करंट अर्थिंगच्या वायरने जातो, न्यूट्रलमधून पूर्ण परत येत नाही, आणि आरसीसीबी पडतो. खटका खरंच सांगत होता! दोन्ही वेगळे केले, खटका टिकला. मग हीटर जोडला, पुन्हा पडला. म्हणजे दुसरा दोष हीटरमध्ये.

हीटरचं असं असतं. स्टीलच्या नळीत तार असते आणि तारेभोवती पांढरी भुकटी भरलेली असते. मशीन पावसाळाभर अडगळीत पडून राहिलं की टोकाकडून त्या भुकटीत ओल शिरते, आणि करंट थोडा थोडा नळीत उतरतो. आपल्या मुळशीचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. वायरमनने मेगर नावाच्या यंत्राने तार आणि नळी यांच्यातला आकडा मोजला. तो निदान १ मेगाओहम तरी हवा, आमचा त्याच्या बराच खाली होता. हीटर काढून दोन दिवस कडक उन्हात वाळवला, पुन्हा मोजला, आकडा वर आला, मगच जोडला. वाळवूनही आकडा येत नसेल तर हीटर बदलायचा, दुसरा उपाय नाही.

मल्टिमीटर असेल तर हीटरची आणखी एक परीक्षा करता येते. दोन टोकांमधला रोध ३ किलोवॅटला साधारण साडेसतरा ओहम येतो, २ किलोवॅटला साडेसव्वीस. आकडाच येत नसेल तर तार तुटली आहे.

आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं. खटका पडला तर तो जिवंत आहे. पण लक्षात ठेवा, बटण दाबून अर्थिंगची परीक्षा होत नाही. अर्थिंग नसली तरी त्या बटणाने खटका पडतो. दोन्ही वेगळं तपासायचं.

तिसरी तक्रार, हीटर थांबत नाही. कंट्रोलरवर ८५ लावलं, ८५ झालं, दिवा विझला, तरी आकडा ९०, ९२ असा चढतच जातो. दोष बहुधा एसएसआरचा. हा भाग खराब झाला की कित्येकदा ‘चालू’ अवस्थेतच अडकून बसतो. ओळखायची रीत सोपी आहे. पाणी भरलेलं असताना कंट्रोलरवर तापमान मुद्दाम कमी लावायचं, समजा २० अंश. मग हीटर अजिबात चालायला नको. वायरमनला क्लॅम्प मीटर लावायला सांगा. करंट दिसला तर एसएसआर गेला. ३ किलोवॅटला १३ अँपिअर करंट लागतो आणि एवढ्या करंटला एसएसआर चांगलाच तापतो. मागे अॅल्युमिनियमची पट्टी नसेल, पेटीला हवा यायला जाळी नसेल, तर नवा बसवलेलाही जाईल. म्हणून नुसता बदलू नका, तो का गेला ते बघा.

आणखी एक. एसएसआर ‘बंद’ असतानाही थोडा करंट सोडतो. म्हणून कंट्रोलरचा दिवा विझला की टाकी धुवायला घेतली, असं करायचं नाही. धुण्याआधी प्लग बाहेर. हा नियम पेटीवर मोठ्या अक्षरात रंगवून घ्या.

चौथी तक्रार आकड्यांची. सेन्सर दोन-तीन जातींचे असतात आणि कंट्रोलरमध्ये त्याची जात सांगावी लागते. सेन्सर बदलला आणि आत जात तीच राहिली, की आकडे भलतेच येतात. पाणी तापतंय आणि आकडा उतरतोय असं झालं, तर सेन्सरच्या दोन वायरी उलट्या जोडल्यात. आकड्यांऐवजी अक्षरं दिसली तर सेन्सरची वायर बहुधा तुटली आहे. परीक्षा घरी करता येते. भांड्यात बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घालून ढवळा, त्यात सेन्सर धरा, शून्याच्या जवळ आकडा यायला हवा. मग गॅसवरच्या खळखळ उकळत्या पाण्यात धरा. इथे १०० येणार नाही! आपला भाग समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, म्हणून आपल्याकडे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. ९८ आले तर सेन्सर शहाणा आहे, त्याला उगाच बदलू नका.

हा आकडा खरा असण्यावर आपल्या मालाचं नाव अवलंबून आहे. रस कमी तापला तर बाटली महिन्याभरात फसफसते आणि बूच उडतं. जास्त तापला तर रंग काळवंडतो, चव जाते. हीटर थेट रसात असेल तर साखर त्याला चिकटून करपते. म्हणून आमचा गट टाकीत पाणी ठेवतो आणि रसाचं पातेलं त्या पाण्यात बसवतो. पेटी पाण्याचं तापमान सांभाळते, रसाचं तापमान वेगळ्या थर्मामीटरने बघून वहीत लिहिलं जातं. पाणी हीटरच्या वर चार बोटं असल्याशिवाय बटण दाबायचं नाही. कोरडा हीटर मिनिटा-दोन मिनिटांत जळतो.

पाचवी तक्रार, टाकी तापतच नाही. इथे पेटीला दोष देण्याआधी व्होल्टेज बघा. ४० लिटर पाणी २५ वरून ८५ अंशांवर न्यायला जवळजवळ २.८ युनिट वीज लागते. ३ किलोवॅटच्या हीटरला पूर्ण २३० व्होल्ट मिळाले तर तासाभरात काम होतं. पण संध्याकाळी व्होल्टेज १८० वर आलं, तर तोच हीटर फक्त १.८ किलोवॅटचा राहतो आणि दीड तासाच्या वर वेळ लागतो. व्होल्टेज थोडं कमी, पण ताकद पाऊणपटीपेक्षाही कमी. असं रोज होत असेल तर वेळ लिहून ठेवा, महावितरणला १९१२ वर तक्रार करा, आणि काम सकाळी घ्या. कॉन्टॅक्टर घुरघुर करत असेल तर तेही बहुधा कमी व्होल्टेजमुळे किंवा आत धूळ बसल्यामुळे. आणि पेटी अमेरिकेच्या नकाशावरून जोडलेली असेल तर कॉन्टॅक्टरच्या कॉईलवर १२० व्होल्ट लिहिलंय का बघा. तिथल्या घरात १२० व्होल्टचीही लाईन असते. ती कॉईल आपल्या २३० वर लावली की जळते.

सहावी आणि शेवटची तक्रार, वास. जळक्या प्लास्टिकचा वास आला, प्लग गरम लागला, पिन तपकिरी झाली, तर कुठेतरी स्क्रू सैल आहे. जुन्या पेटीत हा दोष फार सापडतो. गाडीतून आणताना हिसके बसून स्क्रू ढिले होतात. म्हणून पेटी आणली की लाईट लावण्याआधी एक एक स्क्रू आवळून घ्यायचा. ३ किलोवॅटला १६ अँपिअरचा प्लग, १६ चा एमसीबी आणि २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी. एक्स्टेन्शन बोर्डावर ही टाकी कधीच चालवायची नाही. दोन हीटरची टाकी घेत असाल तर करंट २६ अँपिअर होतो. मग लाईट बिलावरचा ‘मंजूर भार’ आधी वाचा, वायरिंग त्या मापाने करा.

आता जुनी टाकी बघायला जाणाऱ्या गटांसाठी क्रम सांगते, लिहून घ्या. दोघी-तिघी जा आणि वायरमनला बरोबर न्या. आधी प्लग काढून पेटी उघडून बघा: जळालेली वायर, उघडे जोड, हिरवी वायर, आरसीसीबी. मग मेगरचा आकडा. मग हीटर न जोडता पेटी चालू करून कंट्रोलर बघा. मग पाणी भरून हीटर लावा, तासभर चालवा. मग तापमान कमी लावून हीटर थांबतो का ते बघा. हे सगळं झाल्यावर किंमत ठरवा. विकणारा पेटी उघडू देत नसेल तर ती टाकी आपली नाही. दुरुस्तीचा खर्च किमतीत धरा, आणि मग नव्याशी तुलना करा. २०२० साली केंद्राने सुरू केलेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत कर्जाला जोडून ३५ टक्के अनुदान आणि गटातल्या सभासदामागे ४० हजारांपर्यंत बीज भांडवल ठेवलेलं होतं. सध्या काय चालू आहे ते तालुका कृषी कार्यालयात विचारा. कधी कधी नवीनच परवडतं.

आणि घरी येऊन मशीनची वेगळी वही घाला. आपण बचतीचा रुपया न् रुपया लिहितो, तशी ही वही. कुठल्या तारखेला खटका पडला, टाकीत काय होतं, काय बदललं, कुणी बदललं. पुढच्या हंगामात हीच वही वायरमनचा अर्धा वेळ वाचवेल.

कुणाला शॉक बसलाच तर धावत जाऊन तिला धरायचं नाही. आधी मेन बंद. मेन सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने वायर बाजूला करायची. मग १०८ ला फोन. श्वास थांबला असेल तर छाती दाबणं सुरू करायचं. हे कसं करायचं ते प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांकडून गटाने एकदा शिकून घ्या. मेन कुठे आहे हे तर प्रत्येकीला आजच माहीत हवं.

पडणारा खटका काहीतरी सांगत असतो. तो काय सांगतोय हे विचारायचा अधिकार मशीन विकत घेणाऱ्या गटाला आहे. ‘ताई, तुम्हाला त्यातलं कळत नाही’ असं कुणी म्हणालं, तर वही पुढे करा आणि प्रश्न पुन्हा विचारा.